आटे आणि पाठभेद : जुनी बुलेट उघडताना

जुन्या वाहनाचे पुनरुज्जीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर त्याची अंतिम अवस्था येते : चकाकणारी टाकी, नवे क्रोम, एका किकमध्ये सुरू होणारे इंजिन. त्याआधीचा टप्पा, म्हणजे वाहन उघडून त्याचा एकेक भाग सुटा करण्याचा, हा निव्वळ पूर्वतयारीचा समजला जातो. घराच्या पडवीत किंवा पार्किंगमध्ये जुनी मोटारसायकल उघडणाऱ्या हौशी माणसाला बहुधा ती पुन्हा जोडण्याची घाई असते. वस्तुतः त्या यंत्राने आपल्या आयुष्यात जे काही साठवलेले असते, ते याच टप्प्यात दिसते आणि पुष्कळदा याच टप्प्यात कायमचे पुसले जाते. साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. पोथीची प्रत हाती घेऊन तिची संहिता ठरवू पाहणाऱ्या संपादकापुढे जे प्रश्न असतात, तेच पाना हाती घेतलेल्या माणसापुढेही असतात. फरक इतकाच की संपादकाला त्या प्रश्नांची जाणीव असते. येथे ‘रॉयल एन्फील्ड बुलेट’ या मोटारसायकलीच्या आधारे या प्रश्नांचा विचार करायचा आहे.

बुलेटचा इतिहास हाच मुळात एका संहितेच्या स्थलांतराचा इतिहास आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील एन्फील्ड सायकल कंपनीने १९०१ साली आपली पहिली मोटारसायकल बनवली. ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली आले, आणि आज आपण जिला जुनी बुलेट म्हणून ओळखतो तिची रचना, म्हणजे ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसीचे एक सिलिंडर आणि मागे हलणारा स्विंगिंग आर, ही १९४९ च्या सुमारास बाजारात आली. भारतीय लष्कराला सीमेवरील गस्तीसाठी मोटारसायकली हव्या होत्या. त्या मागणीतून १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीत ‘एन्फील्ड इंडिया’ उभी राहिली. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडले जात, पुढे ते भाग येथेच घडू लागले.

यानंतर जे घडले ते पाठपरंपरेच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटावे. रेडिचच्या कारखान्याने आपल्या बुलेटमध्ये बदल केले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ती बनवणेच थांबवले. तो कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० पर्यंत इंग्लंडमधील मोटारसायकलींचे उत्पादन संपले. मद्रासमध्ये मात्र १९५५ ची रचना जवळजवळ तशीच चालू राहिली. मूळ प्रत हरपावी आणि दूरच्या प्रांतात केलेली नक्कल तेवढी वाचत राहावी, तसा हा प्रकार. १९७७ साली तर मद्रासच्या बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागल्या. दुहितेने मातेच्या घरी परत जावे, असे.

हा इतिहास ग्रंथांतूनही वाचता येतो. पण बुलेट उघडू लागले की तो हाताला जाणवतो, आणि सर्वांत आधी जाणवतो तो नट-बोल्टांच्या आट्यांमध्ये. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांची एकसमान पद्धत सुचवली. तोवर प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा असे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची तुलना केली आणि त्यांतून सरासरी काढून ५५ अंशांचा कोन आणि व्यासागणिक आट्यांची संख्या निश्चित केली. अनेक प्रती जमवून एक संहिता सिद्ध करण्याचेच हे काम होते. पुढे त्याच घराण्यातील बारीक आट्यांची ‘बीएसएफ’ पद्धत आली. सायकलच्या धंद्याने मात्र इंचाला २६ आट्यांची, ६० अंशांची स्वतःची पद्धत राखली. एन्फील्ड ही मुळात सायकलींची कंपनी, म्हणून बुलेटमध्ये या दोन्ही पद्धती नांदतात. पाव इंची बीएसएफ बोल्टालाही इंचाला २६ आटेच असतात. तो सायकलपद्धतीच्या नटात शिरतो, पण कोन वेगळा असल्यामुळे नीट बसत नाही. वरवरच्या साम्याने फसवणारे असे पाठ पोथ्यांमध्येही भेटतात.

या इंची यंत्राचे उत्पादन भारतात सुरू झाले तो काळ लक्षात घ्यायला हवा. १९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली. देश मीटर-किलोग्रॅमकडे वळत असताना मद्रासमध्ये इंचांत आखलेले यंत्र घडू लागले होते. त्यामुळे पुढच्या दशकांत बुलेटच्या अंगावर मेट्रिक नट-बोल्ट हळूहळू शिरत गेले, काही कारखान्यातून आणि बरेचसे रस्त्यावरच्या गॅरेजांतून. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा त्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. १/४ खुणेच्या पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिमी भरते. गावातल्या गॅरेजात तो पाना नसे. १३ चा पाना चढत नसे आणि १४ चा सैल पडे. म्हणून जुन्या बुलेटच्या नटांचे कोपरे झिजून गोल झालेले दिसतात. तसेच ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. तेथे ८ मिमीचा बोल्ट दोन-तीन वेढे फिरतो आणि अडतो, कारण आट्यांमधले अंतर वेगळे असते. जोर करून फिरवला तर तो नवे आटे पाडत आत जातो. असा बोल्ट सोडवताना अॅल्युमिनियमच्या भागातले जे आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात, ते एका अर्थाने १९५६ च्या कायद्याचेच अवशेष होत.

आणखी आत गेल्यावर दुरुस्तीचे थर लागतात. डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे झाकण एकाच मधल्या नटावर असते, म्हणून ते सहज उघडते. त्याच्या कडेवर पेचकस खुपसल्याच्या खुणा असल्या तर आतल्या क्लचवर कोणीतरी वारंवार हात चालवला आहे, हे कळते. सिलिंडर वर उचलला की पिस्टनच्या माथ्यावर कधी २०, कधी ४० असा आकडा ठोकलेला आढळतो. तो इंचाच्या सहस्रांशांत असतो आणि सिलिंडर किती रुंदावला गेला आहे हे सांगतो. ७० मिमीचा बोअर इंचांत वाढवणारे हे यंत्र दोन भाषा एकाच वाक्यात बोलते. कधी जाड पुठ्ठ्यातून हाताने कापलेले पॅकिंग मिळते, कधी लेथवर कातलेला पितळी बुश, तर कधी ब्रेझिंगने सांधलेला ब्रॅकेट. यांतील एकही गोष्ट कारखान्याच्या सुट्या भागांच्या यादीत नसते. आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग दुर्मिळ होते आणि नवे वाहन घ्यायचे तर नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या काळात गाडी चालू ठेवण्याची जबाबदारी मिस्त्री, फिटर आणि लेथवाला यांच्यावर होती. त्यांनी आपल्या कामाची नोंद कोठेही ठेवली नाही. त्यांचे लेखन आहे ते यंत्रातच.

आता मुख्य प्रश्न उभा राहतो. पुनरुज्जीवन करणारा हे सारे काढून टाकतो, कारण त्याला गाडी ‘मूळ’ स्वरूपात हवी असते. पण मूळ म्हणजे कोणते? रेडिचच्या आराखड्यातले, तिरुवोट्टियूरहून बाहेर पडलेल्या दिवशीचे, की तीस-चाळीस वर्षे रस्त्यावर धावल्यानंतरचे? मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली. ते कार्य मोठेच होते. तथापि त्या शुद्ध प्रतीचा प्रभाव इतका दूरवर पसरला की तिच्या आधीच्या पाठापर्यंत पोहोचणे पुढच्या संशोधकांना अवघड झाले. शुद्धीकरणसुद्धा परंपरेतला एक थरच असते, आणि तो खालचे थर झाकतो. आज बाजारात मिळणाऱ्या ‘मूळसारख्या’ भागांनी नटवलेली बुलेट ही १९६० ची नसते. ती आपल्या काळाने कल्पिलेल्या १९६० ची असते.

याउलट एक वेगळी वाटही मराठी विद्वत्तेच्या परिसरातच दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. वि. स. सुकथनकरांनी आपण व्यासांची मूळ संहिता सादर करीत आहोत असा दावा केला नाही. उपलब्ध प्रतींच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागे जाणे, ही त्यांची मर्यादित आणि प्रामाणिक भूमिका होती. शिवाय जे श्लोक त्यांनी संहितेबाहेर काढले ते फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत क्रमांकासह छापले. त्यामुळे ज्याला संपादकाचा निर्णय पटणार नाही, त्याला तो उलटवण्याचे साधनही त्याच ग्रंथात मिळते.

स्मारकांच्या जतनाबाबत १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही असाच विवेक सांगितला : जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापना थांबली पाहिजे, आणि वास्तूवर पडलेल्या प्रत्येक काळाच्या सार्थ छापेचा मान राखला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेली तुरीन सनद याच विचारावर उभी आहे. आपल्याकडे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा वर्ग निर्माण झाला. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. हेतू स्तुत्यच आहे. परंतु गरजेपोटी दुरुस्त होत जगलेल्या वाहनांच्या देशात या अटीचा सरळ अर्थ लावला तर मिस्त्रीची कारागिरी हा दोष ठरतो, आणि तो पुसण्याला उत्तेजन मिळते.

अर्थात पोथी आणि मोटारसायकल यांत एक मूलभूत भेद आहे. पोथी वाचली जाते, मोटारसायकल चालवली जाते. कडक होऊन तडकलेली वायर, झिजलेले ब्रेक लायनर, आटे गेलेला अॅक्सल यांना इतिहासाच्या नावाखाली जागेवर ठेवणे हा अविचार होय. तेथे बदल अटळ आहे. पण बदलणे वेगळे आणि नाहीसे करणे वेगळे. घरी गाडी उघडणाऱ्याला सुकथनकरांचा मार्ग अनुसरणे अवघड नाही. प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. कोणता बोल्ट कोठून निघाला आणि त्याचे आटे कोणत्या पद्धतीचे, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच डब्यात टाकावी. इंजिन व चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकांना सँडब्लास्टिंग लागू देऊ नये. टाकीवरच्या सोनेरी रेषा तिरुवोट्टियूरला हाताने ओढल्या जात. रंग खरवडण्याआधी एका कोपऱ्यात थर घासून पाहावेत आणि जुनी रेषा शाबूत असेल तर ती राहू देण्याचा विचार करावा. काढून टाकलेला बुश, पुठ्ठ्याचे पॅकिंग, जुना पिस्टन हे सारे भंगारात न देता गाडीबरोबर जपावे. ते त्या गाडीचे परिशिष्ट आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासात लेखकांची नावे टिकली आणि लेखनिकांची बहुधा गेली. तंत्रज्ञानाच्या इतिहासातही अभियंते आणि कारखाने यांची नोंद आहे. ज्यांनी ती यंत्रे अर्धे शतक चालती ठेवली त्यांची नाही. त्यांच्या हातांचा पुरावा जुन्या वाहनांच्या आत, तेलाच्या काळ्या थराखाली शिल्लक आहे, आणि तो फक्त गाडी उघडणाऱ्यालाच दिसतो. तो वाचून मग पुसायचा की न वाचताच पुसायचा, हा निर्णय पहिला नट सैल करण्यापूर्वी व्हायला हवा.