मिस्ड कॉल : न उचललेल्या हांकेचा इतिहास

संदेश पाठविण्यास मोल पडूं लागलें, त्या दिवसापासूनच तें मोल चुकवून संदेश पोंचविण्याची विद्याहि जन्मास आली. मोबाईलच्या प्रसाराबरोबर भारतांत जो 'मिस्ड कॉल' घरोघर रूढ झाला, त्याची वंशावळ शोधूं गेल्यास ती थेट इंग्लंडांतील जुन्या टपालापर्यंत जाऊन भिडते.

१८४० पूर्वीं त्या देशांत टपालाचा आकार बहुधा पत्र घेणारास भरावा लागे. रोलंड हिल यानें टपाल-सुधारणेची जी चळवळ केली, तींत एक गोष्ट फार सांगितली जाई. कवि कोलरिज एका खेड्यांतून जात असतां टपालवाल्यानें एका बाईस पत्र दिलें. तिनें तें उलटसुलट पाहिलें आणि एक शिलिंग देण्याची ऐपत नाहीं म्हणून परत केलें. पत्र तिच्या भावाचें आहे असें कळतांच कोलरिजनें, ती नको म्हणत असतांहि, पैसे भरले. टपालवाला दूर गेल्यावर तिनें पत्र उघडून दाखविलें. आंत कोरा कागद! भाऊ खुशाल असेतों दर तीन महिन्यांनीं असा कोरा कागद यावा व तिनें तो परत करावा, असा दोघांचा संकेत होता. ही गोष्ट अक्षरशः घडली असेल वा नसेल. पुढें तर लोकांनीं ती खुद्द हिलच्याच नांवावर चढविली. परंतु लिफाफा हेंच पत्र करण्याची युक्ति तींत स्पष्ट दिसते. भारतांत १८५४ सालीं अंतर न पाहतां केवळ वजनावर टपालाचा दर ठरला आणि तिकीट न लावलेल्या पत्रास दुप्पट आकार बसूं लागला. मराठी घरांत ज्यास 'नॉटपेड' म्हणत, तें हेंच पत्र.

आतां मोबाईलकडे वळावें. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवर संभाषण केलें. त्या काळीं गर्दीच्या वेळीं मिनिटास सोळा रुपयांहून अधिक आकार पडे, आणि आलेला कॉल उचलणारासहि पैसे मोजावे लागत. ही दुहेरी पट्टी १ मे २००३ पासून सुटली. बोलावणारानें पैसे द्यावे, ऐकणारानें कांहीं देऊं नये, असें ठरलें. घंटा वाजून थांबली तर मात्र कोणासच कांहीं पडत नसे. या एवढ्या फटींतून एक संपूर्ण भाषा उगवली.

एक घंटा म्हणजे 'सुखरूप पोंचलों', दोन म्हणजे 'दाराशीं उभा आहें, खालीं ये'. संकेत घरोघर निराळे, पण शब्द नाहींत ही गोष्ट सर्वत्र सारखी. शिवाय या भाषेस स्वतःची मानमर्यादा होती. मुलानें बापास, धाकट्यानें थोरल्यास, गड्यानें मालकास मिस कॉल द्यावा; मालकानेंच गड्यास दिला, तर त्याची चिक्कूंत गणना होई. आफ्रिकेंत हाच प्रकार 'बीपिंग' या नांवानें चाले. जोनाथन डोनर या संशोधकानें २००७ मध्यें त्याचे नियम मांडले, तेव्हां तेथेंहि हाच कायदा आढळला : ज्याच्या खिशांत अधिक, त्यानें उलट कॉल करावा. इंग्रजी शब्दाप्रमाणें कॉल 'चुकतो' तो घेणाराच्या हातून. मराठींत मात्र तो 'दिला' जातो. हें क्रियापद लोकांनीं फार विचारपूर्वक निवडलें असें म्हणावें लागतें.

गरिबाच्या युक्तीवर व्यापाऱ्याची नजर पडण्यास वेळ लागला नाहीं. २०१० मध्यें बंगलोरास 'झिपडायल' नांवाची कंपनी केवळ मिस्ड कॉलच्या धंद्यावर उभी राहिली; जुन्या तारखात्यास जें स्वप्नांतहि सुचलें नसतें, तें करून ती २०१५ मध्यें ट्विटरनें विकत घेतली. २०११ च्या लोकपाल आंदोलनानें पाठिंबा मोजला तो मिस्ड कॉलवर. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या 'कान खजुरा टेशन'ची कल्पना तर रेडिओच्या श्रोत्यांस विशेष गमतीची वाटेल. बिहार-झारखंडांत, जेथें वीज व दूरचित्रवाणी बेताचीच, तेथें मिस कॉल दिला कीं उलट कॉल येई आणि गाणीं, विनोद व अर्थात् साबणाच्या जाहिराती फुकट ऐकूं येत.

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओनें बोलण्याचा निराळा आकारच काढून टाकला, इतरांस मागून जावें लागलें, आणि संकेतांची गरज ओसरली. मग एक चमत्कारिक भांडण झालें. एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकास कॉल करी, तेव्हां पहिलीनें दुसरीस मिनिटास सहा पैसे द्यावे असा नियम होता. घंटा लवकर तोडली कीं समोरचा उलट कॉल करी व पैशांचा ओघ फिरे. म्हणून कंपन्या परस्परांवर घंटा आंखूड केल्याचा आरोप करूं लागल्या. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्यें नियामक प्राधिकरणास मोबाईलची घंटा निदान तीस सेकंद वाजावी, असें फर्मावावें लागलें. मजूर जी विद्या पोटासाठीं शिकला, ती शेवटीं कोट्यधीशांच्या हिशोबांत येऊन बसली.

मिस्ड कॉलवरच विसंबणाऱ्यांस खरा धक्का मात्र त्यापूर्वींच, २०१८ च्या अखेरीस बसला होता. तोंवर एकदां पैसे भरून 'आजीवन' कॉल घेण्याची सोय होती. मोठ्या कंपन्यांनीं ती मोडून दर अठ्ठावीस दिवसांस किमान ३५ रुपये भरण्याची अट घातली; न भरल्यास प्रथम जाणारे व कांहीं दिवसांनीं येणारेहि कॉल बंद. शहरांतल्या मुलाच्या घंटेची वाट पाहणारे, स्वतः क्वचितच नंबर फिरविणारे गांवाकडचे म्हातारे आईबाप या अटींत सांपडले. त्यांचा बोलण्याचा खर्च पूर्वीं शून्य होता व पुढेंहि जवळजवळ शून्यच राहिला. पैसे पडूं लागले ते हांक ऐकूं येण्याचे, आणि ही रक्कम पुढें वाढतच गेली.