होकुसाईच्या शतकवि-चित्रमालेचीं मूळ रेखाटनें

लेखकाच्या हातची प्रत सर्वांत मोलाची, हा पोथीसंग्राहकांचा सर्वमान्य नियम होय. जपानच्या काष्ठमुद्रित चित्रांस तो जसाच्या तसा लावतां येत नाहीं, हें एका चित्रमालेच्या आधारें येथें दाखवावयाचें आहे.

फुजिवारा नो तेइका यानें इ. स. १२३५ च्या सुमारास शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडून ‘ह्याकुनिन इश्शु’ हा संग्रह सिद्ध केला. होकुसाईनें (१७६०–१८४९) इ. स. १८३५–३६ च्या सुमारास, वयाच्या पंचाहत्तरीस, त्यावर चित्रमाला आरंभिली. दाईनें सांगितलेला कवितांचा सचित्र अर्थ, असें तिचें नांव. कवि बहुतेक राजे, दरबारी व भिक्षु; चित्रांत मात्र वारंवार कष्टकरी माणसें दिसतात. सम्राट तेन्जीच्या कवितेस सुगीचे शेतकरी, हद्दपार झालेल्या ताकामुराच्या कवितेस समुद्रांत बुड्या मारणाऱ्या स्त्रिया, आणि मुनेयुकीनें वर्णिलेल्या हिवाळी एकांतास शेकोटीभोंवतीं जमलेले शिकारी! चित्रांवरील सहींत ‘मान्जी’ हें अक्षर येतें. तें आपलें स्वस्तिकच होय.

आतां मुद्रणाची रीत पाहूं. चित्रकाराचें अंतिम रेखाटन पातळ कागदावर असे. कोरक्या तो कागद चेरीच्या लांकडी फळीवर उपडा चिकटवी आणि रेषांबरहुकूम फळी कोरी. कोरतांना कागद नष्ट होई. मग काळ्या रेषांचे नमुनाठसे काढून त्यांवर रंग ठरत, व प्रत्येक रंगास बहुधा निराळी फळी लागे.

या मालेंतील २७ चित्रें छापून प्रसिद्ध झालीं. पहिलीं पांच निशिमुराया या प्रकाशकाचीं, पुढचीं इसेया सान्जिरो याचीं. तेम्पो दुष्काळाचा (१८३३–३७) तोच काळ. पुढें काम थांबलें. सुमारें साठ रेखाटनें मात्र उरलीं. त्यांतील मोठा संच वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयांत आहे. तीं उरलीं, कारण तीं कोरक्याच्या हातीं गेलीं नाहींत.

म्हणून आमचें मत असें कीं, येथें मुद्रित चित्र ही दुय्यम नक्कल समजूं नये. कृति तेथेंच पूर्ण होते. रेखाटन होकुसाईच्या हाताची रेषा दाखवितें, रंग सांगत नाहीं. संग्राहकांनीं दोहोंची नोंद निरनिराळी करावी, आणि रेखाटनापुढें ‘अमुद्रित’ हा शब्द आवर्जून लिहावा. त्याच्या अस्तित्वाचें कारण त्या एका शब्दांत आहे.