पन्हाळा ते खेळणा: पावसातली वाट

कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्राकडे उतरणाऱ्या वाटांवरून इथं पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. राजापूर बंदरातला माल अणुस्कुऱ्यासारख्या घाटांनी वर यायचा आणि मलकापूर, पन्हाळ्याकडे जायचा. या रहदारीवर नजर ठेवायला सह्याद्रीच्या ऐन कडेवर खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड. पन्हाळा घेतला तरी खेळणा हाती नसला, तर बंदराची वाट मोकळी होत नसे.

बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार याला हे १४५३ मध्ये फार महागात पडलं. हरलेल्या शिर्क्यांना त्यानं वाटाड्या केलं. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या दाट रानात आणून सोडलं आणि किल्ल्याच्या मोऱ्यांशी संधान बांधून बहुतेक फौज कापून काढली. वाट दाखवणारा कोण, हा प्रश्न या डोंगरात तलवारीपेक्षा मोठा.

दोनशे वर्षांनी तीच वाट शिवाजी महाराजांच्या कामी आली. मार्च १६६० पासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही आपल्या तोफा आणि निशाण घेऊन त्याच्या मदतीला आले होते. भर आषाढात, १२ जुलैच्या रात्री महाराज गडाखाली उतरले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेले शिवा काशीद शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. खरी पालखी मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे निघाली होती. सिद्दी मसूद पाठलागावर होता. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह त्याला अडवून उभे राहिले. गडावर पोचल्याच्या तोफा होईपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही पाठ असते. विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा पडलेला होता आणि रात्रभरच्या चालीनंतर तो फोडूनच गड गाठावा लागला, हे मात्र सांगणाऱ्याच्या तोंडून बहुधा निसटतं.

पुढं १७०२ मध्ये औरंगजेब खुद्द खेळण्याखाली येऊन बसला. परशुराम त्रिंबकांनी किल्ला अनेक महिने झुंजवला आणि जूनमध्ये, पाऊस तोंडावर आल्यावर, रोख रक्कम घेऊन सोडला. बादशहानं किल्ल्याचं नाव बदललं आणि छावणी पन्हाळ्याकडे हलवली. खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. ओढे चढलेले, उंटांचे पाय चिखलात रुतलेले, तंबू भिजून जड झालेले, दाणागोटा संपलेला. सुमारे तीस मैलांना अडतीस दिवस लागले. महाराजांच्या पालखीनं जवळपास तेवढंच अंतर उलट दिशेनं एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी कापलं होतं. दोन्ही वेळा पाऊस तोच होता; एकाबरोबर वाटा ठाऊक असलेले मावळे होते, दुसऱ्याबरोबर बाजारबुणग्यांसह अख्खी राजधानी.

आता दर जुलैत ‘हिल रायडर्स’सारख्या कोल्हापुरातल्या संस्था आणि गावोगावची मंडळं पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती काढतात. वाट मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशी जाते. पठारावर धुकं इतकं दाटतं, की पुढच्याची पाठही दिसत नाही. जांभ्यावर साचलेल्या पाण्यातून निघालेला बूट पुढच्या वाडीच्या शेतात चिखलात फसतो; बांधावरून जावं, तर रोपलावण करणाऱ्या बायका इरल्याखालून हसतात. मुक्काम वाडीतल्या घरात किंवा शाळेत होतो.

बहुतेक तुकड्या खिंडीशी मुजरा करून गाडीत बसतात. बाजीप्रभू आणि फुलाजी या भावांच्या समाध्या तिथून पुढं, विशाळगडावर आहेत. सुर्वे-दळव्यांचा वेढा होता तो शेवटचा टप्पा मात्र आजही फार थोडे लोक पायी जातात.