राजकीय विनोद, लोककलावंत आणि लोकमत : संयुक्त महाराष्ट्र चळवळीचा अभ्यास (१९५५–१९६०)

प्रस्तावना

लोकशाही राज्यव्यवस्थेत लोकमत घडविणाऱ्या घटकांचा विचार करताना राजकीय पक्ष, वृत्तपत्रे आणि निवडणूक यंत्रणा यांची चर्चा विस्ताराने होते. विनोद आणि लोकप्रिय कलावंतांचा सहभाग यांचा उल्लेख मात्र बहुधा रंजक आठवणींच्या स्वरूपातच येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. आचार्य अत्रे यांच्या कोट्या आणि शाहिरांचे पोवाडे यांच्या गोष्टी आजही घरोघर सांगितल्या जातात. परंतु त्यांनी लोकमतावर नेमका कोणता परिणाम केला आणि तो परिणाम कोठे थांबला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

मे १९४६ मध्ये बेळगाव येथील साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली. त्यानंतर दार आयोग, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांची समिती, १९५३ चा नागपूर करार असे टप्पे पार पडले. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने द्वैभाषिक मुंबई राज्य आणि स्वतंत्र विदर्भ यांची शिफारस केली. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर झालेली मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळून लावली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केला आणि रक्तपात पुन्हा झाला. शंभराहून अधिक हुतात्म्यांची ही चळवळ होती. तिच्यातील हास्याचा विचार करताना ही शोकाची बाजू नजरेआड करता येत नाही. किंबहुना, शोक आणि हास्य एकाच व्यासपीठावर कसे नांदले, हाच या अभ्यासातील कळीचा मुद्दा आहे.

लोकरंगभूमीची परंपरा

चळवळीतील विनोद आकस्मिकपणे जन्मला नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारातून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. आंबेडकरी जलशांनी तोच धागा विसाव्या शतकात पुढे नेला. तमाशातील गण, गौळण, बतावणी आणि वग या रचनेत बतावणीला विशेष स्थान असते. सोंगाड्या तेथे राजाला, सावकाराला वा कारभाऱ्याला भाबडा प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नानेच सत्तेचा डौल उतरतो. ग्रामीण आणि कामगार प्रेक्षकाला ही पद्धत परिचित होती. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि आकाशवाणी शासनाच्या हाती होती. अशा परिस्थितीत न वाचणाऱ्या माणसापर्यंत प्रतिवाद पोहोचविण्याचे सर्वांत खात्रीचे साधन सभा आणि फड हेच होते.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारून या साधनाला आधुनिक राजकीय आशय दिला. अण्णा भाऊंनी गणातील देवतास्तवनाची जागा मातृभूमी आणि श्रमिकांच्या वंदनाला दिली, गौळण वगळली आणि बतावणीतील हजरजबाबीपणा वर्तमान राजकारणाकडे वळविला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘मुंबई कोणाची’ ही शीर्षकेच त्यांच्या विनोदाचे लक्ष्य स्पष्ट करतात. मुंबई कोणाची, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ भाषेचा नव्हता. गिरणीत राबणाऱ्या हातांचा या शहरावर हक्क किती, असा तो प्रश्न होता. ‘माझी मैना गावावर राहिली’ या त्यांच्या प्रसिद्ध छक्कडीत पोटासाठी मुंबईला आलेल्या मजुराचा विरह अखेरीस सीमाभागापासून तुटलेल्या महाराष्ट्राच्या दुःखाशी जोडला जातो. राज्य पुनर्रचनेसारखा कागदोपत्री विषय अशा रीतीने चाळीतल्या माणसाच्या घरचा विषय झाला.

अमर शेख यांचे योगदान वेगळ्या प्रकारचे होते. बार्शीत जन्मलेल्या, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल असलेल्या या शाहिराचा पहाडी आवाज हीच चळवळीची एक ओळख बनली. एका मुस्लिम कामगार शाहिराने शिवरायांचा महाराष्ट्र गावा आणि सर्व जातिधर्मांच्या श्रोत्यांनी त्याला साथ द्यावी, या घटनेचा अर्थ कोणत्याही भाषणापेक्षा अधिक स्पष्ट होता. मागणी संकुचित असल्याचा आरोप खोडून काढण्यास त्यांची व्यासपीठावरील उपस्थिती पुरेशी होती.

आचार्य अत्रे : लोकप्रियता आणि लेखणी

चळवळीत उतरण्यापूर्वीच प्र. के. अत्रे हे महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित नावांपैकी एक होते. १९२५ चा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह, १९३३ चे ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा ‘श्यामची आई’ (१९५३) हा चित्रपट यांमुळे त्यांचा श्रोतृवर्ग आधीच तयार होता. ही साहित्य, रंगभूमी आणि चित्रपट या क्षेत्रांतील पुंजी त्यांनी राजकारणात आणली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले.

अत्र्यांच्या विनोदाचे तंत्र पाहता तीन गोष्टी दिसतात. पहिली, अतिशयोक्ती. गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही, ही त्यांची लकब श्रोत्यांना पाठ होती. ती ऐकण्यासाठीच ते थांबत. दुसरी, नामकरण. मुंबई काँग्रेसचे सर्वाधिकारी स. का. पाटील हे त्यांच्या लेखणीत ‘सदोबा’ झाले. ज्याच्या नावाने शहर दबून असे, त्याला घरगुती नाव मिळताच त्याचा दरारा ओसरला. तिसरी, सातत्य. सायंकाळच्या सभेतील टोला सकाळी छापून येई आणि छापलेला टोला पुन्हा चाळीत, गिरणीच्या दारात व उपाहारगृहात तोंडी फिरे. मुद्रित आणि मौखिक माध्यमांचे हे चक्र प्रतिपक्षाला कधीच साधले नाही.

परिणाम आणि मर्यादा

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे परस्परांशी न पटणारे पक्ष एकत्र आले होते. त्यांच्या तात्त्विक मतभेदांवर पांघरूण घालणारी समान भाषा शाहिरी आणि विनोद यांनी पुरविली. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर हादरा बसला. अत्रे दादरमधून विधानसभेवर, तर श्रीपाद अमृत डांगे, ना. ग. गोरे, नाथ पै आणि क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनाही कऱ्हाडची जागा अल्प मताधिक्याने राखता आली.

तथापि, या यशाचे सारे श्रेय व्यासपीठावरील हास्याला देणे इतिहासाला धरून होणार नाही. हेच ‘मराठा’, हेच शाहीर आणि हेच वक्ते उपलब्ध असताना विदर्भ आणि मराठवाड्यात काँग्रेसने बाजू राखली व विधानसभेत बहुमत मिळविले. जेथे गोळीबाराची जखम ताजी होती, कामगार संघटना मजबूत होत्या आणि मुंबई हातची जाण्याची भीती प्रत्यक्ष होती, तेथेच विनोदाला धार आली. जेथे प्रादेशिक प्रश्न वेगळे होते, तेथे तो करमणुकीपुरता राहिला. यावरून असे दिसते की, विनोदाने असंतोष निर्माण केला नाही. असलेल्या असंतोषातून भीती वजा केली. गोळीबारानंतर दबलेल्या समाजाला सत्ताधाऱ्यांवर हसता येणे, हीच प्रतिकाराची पहिली पायरी ठरली.

दुसरी मर्यादा उद्दिष्टपूर्तीनंतर उघड झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतरच्या १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. अन्यायावर बोट ठेवणारी भाषा राज्यकारभाराचा पर्यायी कार्यक्रम देऊ शकली नव्हती आणि समितीतील पक्ष आपापल्या वाटेने गेले होते.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. व्यक्तीला टोपणनाव देऊन नामोहरम करण्याचे तंत्र एकदा रुजले की ते कोणाच्याही हाती जाऊ शकते. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र साप्ताहिकाने मराठी विनोदाची हीच ताकद वापरली. परंतु पुढे त्यातील ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कार्यालयांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या आणि १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली. अण्णा भाऊंच्या वगात लक्ष्य शेटजी होता, अत्र्यांच्या लेखणीसमोर सत्ताधारी होते. आता उपहासाचा रोख नोकरीसाठी आलेल्या परप्रांतीयाकडे वळला. विनोदाचे साधन तेच राहिले, त्याची दिशा बदलली.

याउलट उदाहरणही महाराष्ट्रातच आढळते. १९७७ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी आणीबाणीविरोधात प्रचारसभा गाजविल्या आणि निवडणुकीनंतर कोणतेही पद न स्वीकारता ते लेखनाकडे परतले. त्यांची विश्वासार्हता टिकली, याचे कारण या अलिप्ततेत शोधता येते. मात्र त्या निवडणुकीतही महाराष्ट्रातील ४८ पैकी २० जागा काँग्रेसकडे राहिल्या. कलावंताचा शब्द मतदाराला धीर देतो. स्थानिक हितसंबंधांची जागा तो घेऊ शकत नाही.

समारोप

अत्रे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख या तिघांचेही निधन १९६९ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत झाले. पंडित नेहरूंवर कठोर टीका करणाऱ्या अत्र्यांनी १९६४ मध्ये त्यांच्या निधनानंतर ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहिली. राजकीय विरोधात माणसाचे मोठेपण विसरायचे नसते, ही जाण त्यामागे होती. राजकीय विनोदाचे मूल्यमापन करताना तो किती बोचरा होता, यापेक्षा तो कोणावर रोखला होता आणि त्यामागे कोणते संघटन उभे होते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत बलवंतांवर रोखलेला विनोद आणि लोकांचे संघटन काही काळ एकत्र आले, म्हणून तेथे हास्याला इतिहास घडविता आला. ही सांगड सुटली तेव्हा तेच हास्य कधी निष्प्रभ झाले, तर कधी दुर्बलांवर उलटले.