आउटबोर्ड मोटर

लहान नौकेच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरून बसवायचे चालनयंत्र. एंजिन, दंतचक्रे व पंखा यांचा हा एकसंध संच वळवून नौकेची दिशा बदलतात. त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन संशोधक ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास या मोटरीला व्यापारी यश मिळवून दिले.

निवड : नौकेसाठी ठरवून दिलेली कमाल अश्वशक्ती व वजन ओलांडू नये, जड मोटरीने पिछाडी दबून पाणी आत येते. सुमारे ३८ सेंमी. उंचीच्या फळीस आखूड, तर ५१ सेंमी. उंचीच्या फळीस लांब दांड्याची मोटर लागते. पंख्याच्या वरच्या बाजूची आडवी पट्टी साधारण नौकेच्या तळाच्या पातळीत असावी. ती फार वर राहिल्यास पंखा हवा ओढतो व जोर घटतो. फार खाली गेल्यास पाण्याचा रोध वाढतो. टू-स्ट्रोक एंजिन हलके व रचनेने सोपे असते. फोर-स्ट्रोक जड, पण कमी इंधन खाणारे व कमी धुराचे असते. ओझे वाहणाऱ्या नौकेस एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा योग्य.

खाऱ्या पाण्यात वापरलेल्या मोटरीचे शीतन-मार्ग प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावेत. चालक पाण्यात पडल्यास एंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी अत्यावश्यक होय.