बन्सी गहू
वर्धा जिल्ह्यासह विदर्भात पूर्वापार पेरला जाणारा कोरडवाहू गहू. रोजच्या पोळीचा गहू ४२ गुणसूत्रांचा. बन्सी २८ गुणसूत्रांच्या ड्युरम वर्गातला. पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत टिकलेल्या ओलीवर तो पिकतो. गावरान बियाण्यात झाडे एकसारखी नसतात, म्हणूनच प्रतिकूल वर्षीही काही ओंब्या तगतात. ओल खाली गेली की तिफणीने बी खोल सोडायचे, टपोऱ्या ओंब्या बियाण्यासाठी राखायच्या, साठवताना कडुलिंबाचा पाला घालायचा, ही जाण शेतकऱ्यांची. कठीण दाण्याचा रवा, शेवया, सरगुंडे उत्तम होतात. सिंचन व सुधारित वाणांमुळे पेरा घटला. बियाणे आणि जाण यांची ही हानी मोठी आहे. मात्र २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांना पारंपरिक वाण नोंदवता येतात.