दोन मापांचा कायदा

श्रोतेहो, सकाळी चहात आपण चमचाभर साखर घालतो. ती भरते साधारण ५ ग्रॅम. अमेरिकेत १९८६ पासून २०१० पर्यंत एवढ्याच वजनाचे ‘क्रॅक’ विकताना कोणी सापडला, तर केंद्रीय कायद्याने त्याला किमान ५ वर्षे तुरुंगात काढावी लागत. क्रॅक म्हणजे कोकेनच्या भुकटीपासूनच बनवलेले, ओढायचे खडे. आता पाहा हं, तीच भुकटी विकणाऱ्याला तेवढीच शिक्षा व्हायला माल अर्धा किलो भरावा लागे! द्रव्य एकच, पण माप शंभरपट निराळे. असे का झाले असेल?

या प्रश्नाचा शोध यूजीन जारेकी या दिग्दर्शकाने २०१२ साली एका अनुबोधपटात घेतला. त्याचे नाव ‘द हाऊस आय लिव्ह इन’, म्हणजे ‘मी राहतो ते घर’. सनडान्स महोत्सवात त्याला अनुबोधपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रपटाची सुरुवात खरोखरच घरातून होते. जारेकींच्या लहानपणी त्यांच्या घरी एक कृष्णवर्णीय बाई कामाला होत्या. त्यांनी या मुलांना माया लावली. पण त्यांचा स्वतःचा एक मुलगा व्यसनापायी गेला. एकाच घराच्या सावलीत वाढलेल्या दोन कुटुंबांचे नशीब इतके वेगळे का, हे विचारत जारेकी पोलीस, तुरुंगाधिकारी, न्यायाधीश आणि कैदी यांच्यापर्यंत पोहोचतात.

त्यांना आढळले की ही गोष्ट फार जुनी आहे. १८७५ साली सॅन फ्रान्सिस्को शहराने अफूचे अड्डे बंद केले. ते अड्डे चिनी मजुरांचे होते. त्याच वेळी अफू घातलेली औषधे गोऱ्या घरांतून सर्रास घेतली जात. त्यांना कोणी हात लावला नाही. १९१४ साली अफू आणि कोकेनवर केंद्रीय निर्बंध आले, १९३७ साली गांजावर जबर कर बसला. गांजा म्हटला की तेव्हा मेक्सिकन मजुराकडे बोट दाखवले जाई. पुढे १७ जून १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी मादक द्रव्यांचे व्यसन हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले. तरी त्यांच्या सुरुवातीच्या काळात उपचारांवर बराच पैसा खर्च होत असे. पुढल्या काळात दवाखाना मागे पडला आणि तुरुंग पुढे आला.

१९८६ च्या जूनमध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनने मेला. देश हादरला. निवडणुका तोंडावर होत्या. चार महिन्यांत संसदेने तो शंभरपटीचा कायदा करूनही टाकला. बायसने घेतली होती ती भुकटी. घाव मात्र बसला क्रॅकवाल्यांवर. या गुन्ह्यात केंद्रीय न्यायालयांतून शिक्षा होणाऱ्या दर पाचांत सुमारे चारजण कृष्णवर्णीय असत. आरोपीची परिस्थिती पाहून शिक्षा हलकी करावी, तर न्यायाधीशाचे हात बांधलेले. आयोवातील केंद्रीय न्यायाधीश मार्क बेनेट यांनी चित्रपटात ही व्यथा उघड बोलून दाखवली आहे.

अमेरिकेच्या राज्य व केंद्रीय तुरुंगांत १९७२ साली सुमारे २ लाख कैदी होते. २००९ साली ते १६ लाखांवर गेले. ही सगळी वाढ या एकाच कायद्याने झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण केंद्रीय तुरुंगांतले जवळजवळ निम्मे कैदी मादक द्रव्यांच्या गुन्ह्यांतलेच होते. आणि एवढे करून माल काही बाजारातून हटला नाही. एक विक्रेता आत गेला की त्याच कोपऱ्यावर दुसरा उभा राही.

कोणी म्हणेल, ‘मग काय, नशा मोकळी सोडायची?’ तसे नाही. व्यसनाने घरे बुडतात, हे त्या बाईंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? चित्रपटाचे म्हणणे एवढेच, की आजारी माणसाला शत्रू ठरवून लढाई जिंकता येत नाही.

२०१० साली कायदा सुधारला. क्रॅकचे माप ५ वरून २८ ग्रॅमवर आले. शंभरपटीची अठरापट झाली. समान मात्र झाली नाही. आणि ज्यांना आधीच शिक्षा झाली होती, त्यांना या सुधारणेचा आधार मिळायला २०१८ साल उजाडले. कायदा चुकला हे सरकारने मान्य केल्यावरही माणसे आठ वर्षे आतच!

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही वजनाला महत्त्व आहे. २००१ च्या दुरुस्तीने थोडा माल आणि व्यापारी प्रमाणातला माल यांच्या शिक्षा वेगळ्या केल्या. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षे. म्हणून ही दूरदेशीची कथा आपल्यालाही ऐकण्याजोगी आहे. गुरुजनहो, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हा तराजू काढून दाखवा आणि विचारा : कायद्याने माल तोलावा, की माणूसही पाहावा? उत्तराची घाई करू नका. १९८६ साली घाई झाली, तिची किंमत एका पिढीने मोजली.